ओव्हनमध्ये जाण्याआधीची माती

मंडळी, सोलापूरकडे पाया खणला की काळी माती लागते, पाचगणीच्या पठारावर जांभा लागतो. दोन्हींच्या मुळाशी दख्खनचा तोच बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. फरक केला तो पाण्यानं. जिथं पाऊस बेताचा आणि निचरा कमी, तिथं कॅल्शियम-मॅग्नेशियम मातीतच राहिलं आणि मॉन्टमोरिलोनाइट, म्हणजे पाणी पिऊन फुगणारं चिकणमातीचं खनिज, तयार झालं. जिथं पाणी झिरपून निघून जात राहिलं, तिथं सिलिकाही धुपली आणि लोह-ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागं उरली. (पाचगणीचा जांभा आजच्या पावसानं झालेला नाही बरं का, तो फार जुना आहे.)

काळ्या मातीचा स्वभाव तपासायला महागडं यंत्र लागत नाही. 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली 10 ग्रॅम माती 100 मिलीच्या एका नळकांड्यात रॉकेलमध्ये टाका, तेवढीच दुसऱ्यात पाण्यात. चोवीस तासांनी बघा. रॉकेल चिकणमातीच्या थरांत शिरत नाही, पाणी शिरतं. रॉकेलमधली माती 10 मिलीवर आणि पाण्यातली 20 वर असेल, तर फुगवटा 100 टक्के. अशा जमिनीत उंच इमारतीपेक्षा एकमजली बंगला आणि कंपाउंडची भिंत आधी तडकते, कारण खालून येणारा रेटा दाबून धरायला वर वजनच नसतं. त्यावर रुरकीच्या सीबीआरआय या इमारत-संशोधन संस्थेनं अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर केलेले पायाचे खांब दिले, आणि आयआयटी मुंबईत प्रा. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर मध्ये घालण्याची पद्धत बसवली. कालव्यांच्या अस्तराखाली ती उपयोगी पडली. काळ्या मातीचं दुखणं निदान ओळखीचं तरी आहे.

तांबडी माती मात्र भल्याभल्यांना चकवते. केनियात, नैरोबीच्या पाणीपुरवठ्यासाठी बांधलेल्या सासुमुआ धरणाची माती अशीच ज्वालामुखी खडकातून आलेली. आकडे पाहिले तर ओलावा जास्त, घनता कमी. पुस्तकाप्रमाणं ती नापासच व्हायची. पण धरणाला ती चांगली निघाली. मृदा-यांत्रिकीचे प्रवर्तक टेरझागी यांनी 1958 च्या लेखात कारण मांडलं: त्यातलं हॅलोसाइट हे चिकणमातीचं खनिज सुटं नव्हतं, त्याच्या घट्ट गुठळ्या होत्या. चिकणमाती असूनही ती वागत होती भरड मातीसारखी.

आता मुद्द्यावर येतो. आपण नमुना आणतो आणि सवयीनं 105 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवतो. हॅलोसाइटमधलं पाणी त्याच्या बरंच आधी निघून जातं, आणि पुन्हा भिजवलं तरी परत येत नाही. कण एकमेकांना चिकटतात, लिक्विड लिमिट (ज्या ओलाव्याला माती पातळ होऊन वाहू लागते तो आकडा) घसरतं, चिकणमातीचं प्रमाण कमी दिसतं. म्हणून ओलावा 50 आणि 105 अंशांवर वेगवेगळा मोजा. मोठा फरक दिसला तर पुढच्या चाचण्या न वाळवलेल्या मातीवरच करा. लिक्विड लिमिटला माती किती वेळ कालवली, हेही लिहून ठेवा. पाच मिनिटांत एक आकडा येतो, पंचवीस मिनिटांत त्याहून मोठा, कारण कालवताना गुठळ्या फुटत जातात.

आणि जमिनीच्या तपासणीसाठी बोअर घेताना एक पाहा. जांभा कठीण लागला की ‘खडक लागला’ म्हणून मशीन थांबवतात. त्याच्या खाली पुष्कळदा पांढरट-गुलाबी मऊ माती असते, जी पावसाळ्यात पाणी पिऊन ढिली होते. अहवालात तिचा थरच नसतो, आणि उतार कापायचा कोन मात्र वरच्या जांभ्यावरून ठरलेला असतो.