नळीचे टोक नेमके कुठे आहे?

(दृश्य: नवजात अतिदक्षता कक्ष. काचेच्या पेटीत बाळ. नाकपुडीतून आलेली बारीक नळी गालावर चिकटवलेली.)

दूध चोखणे, ते गिळणे आणि त्याच वेळी श्वास सांभाळणे, या तिन्ही गोष्टींचा मेळ बाळाला गर्भाच्या साधारण 34व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला अंगावर पाजणे पुरेसे ठरत नाही, आणि म्हणून आईचे पिळून काढलेले दूध नळीवाटे थेट जठरात पोहोचवावे लागते. दुधाची सोय लावण्याचे प्रयत्न आपल्याकडे जुने आहेत. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात 1989 मध्ये सुरू झालेली मानवी दुधाची पेढी आशियातली पहिली मानली जाते. मात्र दूध आईचे असो वा पेढीचे, ते अंगी लागणार की जिवावर बेतणार, हे नळीचे टोक कुठे आहे यावर ठरते.

अशा बाळांसाठी बहुधा पाच किंवा सहा नंबरची नळी वापरतात. तीन नंबर म्हणजे एक मिलिमीटर, या हिशेबाने पाच नंबरच्या नळीची जाडी जेमतेम 1.7 मिलिमीटर भरते. ती श्वासनलिकेत शिरली तर दूध फुप्फुसात उतरते. तोकडी पडून अन्ननलिकेतच राहिली तर दूध वर येऊन श्वासमार्गात जाऊ शकते. फार पुढे गेली तर लहान आतड्यात पोहोचते. मोठ्या माणसाच्या श्वासनलिकेत नळी गेली की ठसका लागतो, पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा खोकलाच इतका क्षीण असतो की ते कधीकधी काहीच दर्शवत नाही. बाळ शांत आहे म्हणून नळी योग्य जागी आहे, असे म्हणूनच धरता येत नाही.

(दृश्य: परिचारिकेचे हात. नळी बाळाच्या अंगावर धरून मोजमाप.)

नळी घालण्यापूर्वी तिची लांबी बाळाच्या अंगावरच मोजतात. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तेथून छातीच्या मधल्या हाडाचे खालचे टोक व बेंबी यांच्या मध्यापर्यंत नळी धरायची आणि तेथे खूण करायची. पूर्वी हे माप छातीच्या हाडापाशीच थांबत असे. तेवढी लांबी अनेक बाळांत अपुरी पडते आणि नळीचे टोक अन्ननलिकेत अडकून राहते, हे लक्षात आल्यावर माप बेंबीच्या दिशेने पुढे सरकवले गेले. तरीही माप हा अंदाजच आहे. नळी साधारण दहा-बारा सेंटिमीटरवर अडली आणि पुढे जाईना, तर जोर लावायचा नसतो, कारण काही बाळांची अन्ननलिका जन्मतःच मध्ये बंद असते आणि एक्स-रेमध्ये तीच नळी वरच्या वरच वेटोळे घालून बसलेली दिसते.

आता प्रश्न उरतो खात्री करण्याचा. सिरिंजने थोडी हवा नळीत सोडायची, पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचा आणि ‘फुस्स’ असा आवाज आला की नळी जठरात आहे असे मानायचे, ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली आणि आजही अनेक ठिकाणी तिच्यावरच भिस्त असते. तिला काही खर्च नाही आणि ती अर्ध्या मिनिटात उरकते, यातच तिचे यश आहे. पण दीड किलोच्या बाळाची छाती आणि पोट यांत अंतर ते किती? अन्ननलिकेत किंवा श्वासमार्गात सोडलेल्या हवेचा आवाजही पोटावर स्पष्ट ऐकू येऊ शकतो. ब्रिटनच्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने 2005 मध्येच ही चाचणी आणि त्याचबरोबर नळीतून ओढलेल्या द्रावाची आम्लता पाहण्याचा निळा लिटमस कागद वापरू नये, अशी सूचना काढली. द्राव आम्लधर्मी आहे एवढेच लिटमस सांगतो, किती आम्लधर्मी ते सांगत नाही. आमच्या मते केवळ आवाजावर विसंबून दूध सुरू करण्याचे समर्थन आता करता येणार नाही.

(दृश्य: सिरिंजमध्ये वर येणारा द्राव, पीएच पट्टीवर पडणारा थेंब, रंगतक्त्याशी तुलना.)

त्याऐवजी नळीतून हलक्या हाताने द्राव ओढतात आणि त्याचा एक थेंब पीएच पट्टीवर टाकतात. पीएच हा आम्लता मोजणारा आकडा; तो जितका कमी, तितका द्राव अधिक आम्लधर्मी, आणि जठरातला द्राव आम्लधर्मी असतो. पीएच 5.5 किंवा त्याहून कमी आला, तर टोक फुप्फुसात नसल्याचा भरवसा मिळतो. कक्षातल्या मंद उजेडात 5 आणि 6 यांच्या मधल्या छटा ओळखणे सोपे नसते, म्हणून अशा वेळी दुसऱ्या जाणकार व्यक्तीला पट्टी दाखवून घेतलेली बरी.

नवजात बाळांत हा आकडाही सरळ वागत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत गिळलेले गर्भजल जठरात असते, दर दोन तासांनी मिळणारे दूध आम्लाची तीव्रता कमी करते, आणि काही बाळांना आम्ल कमी करणारी औषधे चालू असतात; त्यामुळे नळी योग्य जागी असूनही पीएच 6 येऊ शकतो. उलट, जठरातले आम्ल वर आले असेल तर अन्ननलिकेतला द्रावही आम्लधर्मी निघतो. त्यामुळे पट्टीचा रंग, नाकपुडीपाशी असलेला सेंटिमीटरचा आकडा, द्रावाचे स्वरूप आणि बाळाची अवस्था यांचा एकत्र विचार करावा लागतो. द्राव हिरवा आला तर डॉक्टरांना कळवणे आवश्यक असते.

कित्येकदा द्राव येतच नाही, कारण नळीचे छिद्र जठराच्या भिंतीला चिकटलेले असते. अशा वेळी बाळाला डाव्या कुशीवर वळवतात, अगदी थोडी हवा सोडून छिद्र मोकळे करतात, पंधरा-वीस मिनिटे थांबून पुन्हा ओढून पाहतात, किंवा नळी एक-दोन सेंटिमीटर पुढे-मागे करतात. येथे सोडलेली हवा आवाज ऐकण्यासाठी नसते, हे मुद्दाम सांगायला हवे.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही, तर एक्स-रे काढावा लागतो. त्यात नळी मध्यरेषेवरून खाली उतरून छाती व पोट यांच्यामधल्या श्वासपटलाच्या पलीकडे डावीकडे वळलेली दिसायला हवी. एक्स-रे सर्वांत विश्वासार्ह असला तरी तो त्या क्षणापुरताच खरा असतो, आणि प्रत्येक वेळी बाळाला किरणांसमोर ठेवणेही योग्य नाही. छातीच्या तपासणीसाठी तो काढायचाच असेल, तर नळी आधी घालून एकाच चित्रात दोन्ही पाहून घेणे शहाणपणाचे.

(दृश्य: गालावरची सैल झालेली चिकटपट्टी. पेटीजवळ बसलेली आई.)

सकाळी बरोबर असलेली नळी दुपारी तशीच असेलच असे नाही. रडणे, उलटी, ओलसर झालेली चिकटपट्टी किंवा बाळाच्या चिमुकल्या बोटांनी दिलेला हिसका यांपैकी काहीही ती सरकवू शकते. म्हणूनच प्रत्येक वेळी दूध देण्यापूर्वी तपासणी करावी लागते, आणि नाकपुडीपाशी 18 असलेला नळीवरचा आकडा बदलला आहे का, हे पाहणे आईलाही शिकवता येते. पट्टी सुटली किंवा नळीची खूण सरकली, तर तिने नळी स्वतः आत ढकलायची नाही, सिस्टरना हाक मारायची.

खात्री पटल्यावर सिरिंजचा दट्ट्या काढून टाकतात, नळकांडे बाळाच्या किंचित वर धरतात आणि दूध आपल्या वजनाने सावकाश उतरू देतात. बाळ निळसर पडले, श्वास अडखळला किंवा हृदयाचे ठोके मंदावले, तर नळी चिमटीत दाबून दूध तत्काळ थांबवतात आणि तपासणी पहिल्यापासून सुरू होते. तोवर पुढचे दूध अर्धा तास लांबले, तर नोंदवहीत वेळेसमोर तेवढे कारण लिहिले जाते.