आधी हालचाल पाहा, मग नाव विचारा

श्रोतेहो, नमस्कार. बागेत लहानसे तळे केले की काही आठवड्यांतच त्यात आपण न सोडलेले जीव दिसू लागतात आणि घरातले कोणीतरी वाकून विचारते, ‘हे काय आहे?’ उत्तर शोधण्यासाठी फार सामान लागत नाही. काचेची पारदर्शक बरणी, तळ्यातलेच पाणी, एका बाजूने येणारा उजेड आणि हाताशी थोडा वेळ, एवढे पुरते. पाणी मात्र तळ्यातलेच घ्या, कारण नळाच्या पाण्यातले क्लोरीन या जिवांना सोसत नाही.

रंग आणि आकार यांवरून पटकन निष्कर्ष काढू नका. आधी हालचाल पाहा: हा जीव पुढे कसा सरकतो, श्वास कुठून घेतो आणि खातो काय? हल्ली मोबाइलवर छायाचित्र काढून लगेच नाव विचारण्याची घाई दिसते. मला ती मनापासून खटकते, कारण छायाचित्रात जीव स्थिर होतो आणि ओळख पटवणारी हालचाल नेमकी निसटते.

या संदर्भात मला एक हकिकत सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1740 च्या उन्हाळ्यात, हॉलंडमधील हेग शहराजवळ, अब्राहम ट्रेंबली हा जिनिव्हाचा तरुण एका सरदाराच्या दोन मुलांना शिकवत होता. खंदकातून आणलेल्या पाणवनस्पतींवर त्याला हिरव्या, धाग्याएवढ्या बारीक काड्या चिकटलेल्या दिसल्या. रंग हिरवा, जागा वनस्पतीवरची. साहजिकच त्या त्याला वनस्पतीच वाटल्या. पण तो बरणीसमोर बसून राहिला, आणि त्या काड्यांच्या टोकाच्या बारीक भुजा हलताना त्याला दिसल्या. बरणीला जरा धक्का लागताच अख्खी काडी आक्रसून ठिपक्याएवढी झाली. पुढे त्याच्या ध्यानात आले, की बहुतेक काड्या बरणीच्या उजेडाकडच्या बाजूला गोळा झाल्या आहेत. त्याने बरणी फिरवून ठेवली, तर काही दिवसांत त्या सावकाश सरकत पुन्हा उजेडाकडे आल्या. तरीही शंका उरलीच, कारण प्रत्येकीच्या भुजांची संख्या वेगळी होती, आणि असे प्राण्यांच्या पायांत नव्हे, झाडाच्या फांद्यांत घडते. तेव्हा त्याने एक काडी आडवी कापली. दोन्ही तुकडे जगले तर ती वनस्पती, असा त्याचा हिशेब होता. दोन्ही तुकडे जगले, इतकेच नव्हे, तर खालच्या तुकड्याला नव्या भुजा फुटून तोही पूर्ण जीव झाला! प्रश्न सुटण्याऐवजी अधिकच अवघड झाला. त्याने काही नमुने पॅरिसला रेओम्यूर या नामांकित शास्त्रज्ञाकडे पाठवले आणि 1741 मध्ये रेओम्यूरने हा प्राणीच असल्याचा निर्वाळा दिला. भुजांनी बारीक जीव पकडून ते तोंडात ढकलण्याची त्याची रीतही ट्रेंबलीने पुढे बारकाईने नोंदवली. 1744 मध्ये त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो जीव म्हणजे आपल्याला शाळेपासून ठाऊक असलेला हायड्रा. हिरव्या हायड्राचा रंग त्याच्या शरीरात राहणाऱ्या शैवालामुळे असतो. म्हणूनच पुन्हा सांगतो, रंगावर जाऊ नका, हालचाल पाहा.

आता तुमच्या बरणीकडे वळू. पृष्ठभागाला शेपटीकडची नळी टेकवून, डोके खाली करून लटकणारी आणि चाहूल लागताच वळवळत खाली जाणारी अळी डासाची असते. मलेरिया पसरवणाऱ्या अ‍ॅनॉफिलिस डासाची अळी मात्र पाण्याला समांतर, आडवी राहते. शेपटीच्या टोकाला पानांसारखे तीन कल्ले असतील तर ते टाचणीचे, म्हणजे चतुरासारख्याच पण बारीक अंगाच्या कीटकाचे पिल्लू. चतुराचे पिल्लू त्याहून जाडजूड असते. ते मागून पाण्याचा झोत सोडून एकदम पुढे जाते आणि दुमडलेला खालचा ओठ झटकन फेकून भक्ष्य पकडते. तळाच्या गाळातली लाल अळी पाहून कोणी घाबरू नये. तिचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो आणि ती चावत नाही.

डासांच्या भीतीने तळ्यात कीटकनाशक ओतणे मला अजिबात मान्य नाही, कारण डासांच्या अळ्या खाणारी चतुराची पिल्लेही त्यात मरतात. डासांच्या अळ्या चहाच्या गाळणीने काढता येतात. ओळख पटेपर्यंत बरणी सावलीत ठेवा, कारण उन्हाने पाणी तापले की त्यातला प्राणवायू कमी होतो. आणि पाहून झाले की डासांच्या अळ्या वगळून बाकीचे सारे जीव त्याच तळ्यात परत सोडा. नमस्कार.