पायाखालची जागा कोणाच्या नावाची?

श्रोते बंधू-भगिनींनो, नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या गावांत कवेलू फेरायची घाई सुरू होते. माकडांनी फोडलेले काढायचे, कुजलेल्या बांबूच्या फाट्या बदलायच्या, पुन्हा थर लावायचा. पण कवेलू घडवणारे कुंभार आता थोडे राहिले आणि वर चढून फेरणारे हातही थोडे. म्हणून ज्याला जमेल तो टिना टाकतो. पाऊस अडतो खरा, पण मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडं पारा 45 च्या वर गेला की बाळंतीण आणि तिचं तान्हं लेकरू त्याच टिनांखाली दुपार काढतात.

गरिबाला पक्कं घर पाहिजे याला कोणाचीच ना नाही. मग ते उभं का राहत नाही? लोक म्हणतात, पैसा कमी पडतो. पडतो, त्याचं पुढं बोलूच. पण आपल्याकडं घर आधी जागेवर अडतं.

भंडारा जिल्ह्यातल्या एका गावात एका विधवा ताईंना घरकुल मंजूर झालं. मंजुरीचं पत्र त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला खोचून ठेवलं होतं. घर सासऱ्याच्या वेळचं. घरटॅक्सच्या पावत्या दोऱ्यात ओवलेल्या, लाइटबिल त्यांच्याच नावाचं. मोजणी झाली तेव्हा जागा निघाली झुडपी जंगलाची. ताई म्हणाल्या, "जागाच माही नाही म्हनता, तं आमी इतकी वर्सं रायलो कोठं?" तिथं बसलेल्या कोणाकडंच उत्तर नव्हतं. पत्र पुन्हा आढ्याला गेलं.

हे झुडपी जंगल नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या वाट्याला आलं आहे. गुरं चारायला आणि सरपणाला उपयोगी अशा झुडपी, पडीक जमिनी महसुली दप्तरात या नावानं नोंदल्या गेल्या. 1980 चा वन संवर्धन कायदा आला आणि ही जमीन वन की महसूल, हा वाद सुरू झाला. वाद चालू राहिला आणि दरम्यान तिच्यावर शाळा झाल्या, दवाखाने झाले, वस्त्या झाल्या. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की ही जमीन वनजमीनच आहे. पण त्याच निकालात एक वाट आहे. 12 डिसेंबर 1996 पूर्वी सक्षम अधिकाऱ्यानं ज्या जमिनींचं वाटप केलं, त्यांच्यासाठी राज्य शासनानं केंद्राकडं मंजुरी मागायची आहे. म्हणजे तुमच्या आजोबांना मिळालेला वाटपाचा आदेश, पट्टा, जुनी सनद घरात कुठं असेल तर ती आज शोधा. उंदरांनी कुरतडली असेल तरी टाकू नका. मूळ तुमच्याकडं ठेवा, तलाठ्याकडं नक्कल द्या आणि पोच घ्या.

पश्चिम विदर्भात गोष्ट थोडी वेगळी. तिथं लोक ई-क्लासच्या, म्हणजे महसूल दप्तरी तसा वर्ग दिलेल्या सरकारी जमिनीवर बसले आहेत. 1 जानेवारी 2011 पूर्वीची राहत्या घरांची अतिक्रमणं नियमानुकूल करायचा निर्णय शासनानं 2018 साली घेतला. निर्णय चांगला होता. पण जागा गायरान निघाली किंवा वनविभागाची निघाली की प्रस्ताव टेबलावरच राहतो, आणि तो का राहिला हे माणसाला लेखी कळवतही नाहीत. माझं म्हणणं एवढंच की नकार द्यायचा तर कारणासह लेखी द्या. "साहेब नाही म्हणाले" याच्यावर अपील करता येत नाही.

आणि ज्याला कुठंच जागा नाही त्याच्यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावानं जागा खरेदीला अर्थसाहाय्य देणारी योजना आहे. 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी आधी 50 हजार रुपये मिळत, आता ती मर्यादा 1 लाख झाली आहे. गावठाणाला लागून, रस्त्याकडेला 1 लाखात जागा मिळणं अवघड, हे मान्य. तरीही अर्ज करा. अर्जच आले नाहीत तर गरजच नाही, असं कागदावर दिसतं.

आता पैशाचं. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण 2016 साली सुरू झाली, तेव्हा सपाट भागात 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ, दुर्गम भागात 1 लाख 30 हजार ठरले. 2024 नंतरच्या दुसऱ्या टप्प्यातही केंद्राचा आकडा तोच आहे. राज्यानं 2025 मध्ये 50 हजारांची भर घातली, त्यातले 15 हजार छतावरच्या सौर पॅनलसाठी. शिवाय शौचालयाचे 12 हजार आणि रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी.

हा आकडा सगळ्या मातीला सारखा धरला आहे, आणि इथं माझा खरा आक्षेप आहे. आपली काळी कपाशीची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर वरवरचा पाया घातला तर दुसऱ्याच वर्षी भिंत चिरते. मिस्त्री सांगतो, आणखी खोल जा, काळी माती काढा, मुरूम भरा, पाणी मारून दाबा, मग पाया घ्या. मुरमड जमिनीवरच्या माणसाला यातलं काहीच करावं लागत नाही. काळ्या मातीतल्या माणसाचा पैसा मात्र जोता वर यायच्या आतच संपत येतो. पुढचा हप्ता काम पुढं सरकल्याचा फोटो चढल्याशिवाय मिळत नाही, आणि पैसा नाही म्हणून काम सरकत नाही. मग सावकार येतो, किंवा बायकोची पोत मोडली जाते. काळ्या मातीच्या गावांना पायाभरणीसाठी वेगळी रक्कम दिली पाहिजे आणि पहिला हप्ता पाया पुरा होईल एवढा पाहिजे. घरकुलाला 5 ब्रास रेती मोफत मिळते, पण ट्रॅक्टरचं भाडं पदरचं. रेतीघाट लांब असला की तेही परवडत नाही.

एक गोष्ट मिस्त्रीला सांगून ठेवा. या योजनेत ठेकेदार चालत नाही, घर लाभार्थ्यानं स्वतःच बांधायचं असतं. "सगळं आमच्यावर सोडा, फक्त पासबुक द्या" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

आता भाड्यानं राहणाऱ्यांचं. गावात भाडेकरू कुठं असतात, असं कोणी विचारेल. तालुक्याला जाऊन बघा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, कॉलेजात नाव घातलेल्या मुली, एसटीचे कंडक्टर, हंगामात जिनिंगवर येणारे मजूर, सगळे भाड्याच्या खोल्यांत राहतात. खोली बघायला गेलं की भाड्याच्या आधी आडनाव विचारलं जातं. आडनाव कळलं की खोली "कालच दिली" असते. 1917 साली बडोद्यात नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना जातीपायी पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं गेलं. 1956 साली नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली. त्याच विदर्भात शिकल्यासवरल्या मुलीला आजही आडनावावरून खोली नाकारली जाते, याचा मला राग येतो. घरमालकांनो, भाडं वेळेवर येतं का, खोली नीट ठेवतात का, एवढं बघा. त्यापलीकडं विचारायचा तुम्हाला अधिकार नाही.

बरेच घरमालक स्वतःही लहान माणसं असतात. निवृत्तीच्या पैशातून दोन खोल्या काढलेल्या, त्यांच्या भाड्यावर औषधपाणी. त्यांना भीती वाटते की करारनामा केला तर भाडेकरू निघायचाच नाही. ज्या शहरांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 लागू आहे, तिथं उलट आहे. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला असावा लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरून चालतात. नोंदलेल्या लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी खोली वापरायला द्यायच्या कराराची, मुदत संपली की खोली परत मिळवायला सक्षम प्राधिकाऱ्याकडं जाता येतं. भाडेकरूला भाड्याची पावती मागायचा हक्क आहे, आणि वाद झाला म्हणून त्याची लाइट किंवा पाणी तोडता येत नाही.

येत्या ग्रामसभेला जा. बायांनो, तुमची महिला सभा ग्रामसभेच्या आधी व्हायलाच पाहिजे, कायदाच तसा आहे. तिथं दोन गोष्टी मांडा. घरकुलाच्या यादीतल्या किती जणांना जागा नाही, त्यांची नावं वाचून दाखवा. आणि जागेची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावानं करा, नमुना 8 वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरटॅक्सच्या नोंदीत, दोघांची नावं लावा. हे इतिवृत्ताच्या वहीत लिहून घ्या, आणि सही करायच्या आधी ते तुमच्यासमोर मोठ्यानं वाचायला सांगा.