डाकोटाचा पंखा हाताने का फिरवायचा

मंडळी, ॲव्रो विमानांची घरघर ऐकत बडोद्यात लहानाचे मोठे झालेले बरेच जण समोर दिसताहेत. 2023 पासून आपल्या 11 नंबरच्या स्क्वाड्रनकडे सी-295 विमानं आहेत. पण ॲव्रोच्याही आधी या स्क्वाड्रनने डाकोटा हे मालवाहू विमान उडवलं होतं. आज त्याच डाकोटाबद्दल बोलायचंय, कारण हवाई दलात मी त्याच्या इंजिनांचा फिटर होतो.

सकाळी पहिलं काम पंखा, म्हणजे प्रोपेलर, हाताने फिरवायचं. इंजिनात 14 सिलिंडर, सात-सातच्या दोन ओळींत, गोलाकार मांडलेले. विमान उभं राहिलं की तेल झिरपत खालच्या सिलिंडरांत साचतं. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. तसाच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, वाकलाच. म्हणून एकेक पातं ओढत जायचं आणि हात अडला की थांबायचं. खालचे स्पार्क प्लग काढून तेल वाहू द्यायचं. एकदा मी घाईत खांदा लावून पातं ढकललं. सार्जंट धावत आले. "रॉड इथे वाकतो आणि वर गेल्यावर तुटतो," म्हणाले. दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

काश्मीरच्या लढाईत याच विमानांनी 27 ऑक्टोबर 1947 ला शीख रेजिमेंटची पहिली बटालियन श्रीनगरला उतरवली. 24 मे 1948 ला हवाई दलाचे वैमानिक मेहर सिंग लष्कराच्या जनरल थिमय्यांना घेऊन लेहला उतरले. अकरा हजार फुटांवरची कच्ची धावपट्टी, आणि केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोयच नाही! पूंछमध्ये तर मालाच्या दारातून बॉम्ब ढकलले. मालवाहू विमान हो ते!

श्रीनगरच्या त्या विमानाचा नंबर व्हीपी 905. आज हवाई दलाकडे उडणारं 'परशुराम' नावाचं डाकोटा तोच नंबर मिरवतं, पण ते विमान वेगळं. राजीव चंद्रशेखर यांनी ते विकत घेऊन ब्रिटनमध्ये दुरुस्त करवलं, पर्रीकर संरक्षणमंत्री असताना ही भेट स्वीकारली गेली आणि 2018 मध्ये ते उडत भारतात आलं. खरं सांगतो, नंबराचं कळलं तेव्हा मी चिडलो. दुसऱ्याच्या छातीवर पदक लावल्यासारखं वाटलं.

मग स्वतःचीच नोकरी आठवली. आम्ही इंजिनं बदलली, पत्रे बदलले, रिव्हेट तर किती ठोकले! सुकाणूवरचं कापड फाटलं की नवं चढवलं. मूळचं असं उरलं होतं किती? उरत होती ती सकाळची पंखा फिरवायची सवय. चौकात चबुतऱ्यावर चढवलेली विमानं बघतो ना, तेव्हा जीव तुटतो. पावसाचं पाणी आत मुरतं, चिमण्या घरटी करतात, आणि चकचकीत रंगाखाली ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होत असते. त्यापेक्षा छपराखाली ठेवलेलं बरं, आणि उडवलेलं त्याहून बरं. आमचा एक गुजराती शेजारी म्हणतो, "आ तो खटारो छे." असेल, पण चालता खटारा आहे.

हो, शेपटीचं सुकाणू कापडाचं, हसू नका. वरून डोप नावाचं लुकण लावलं की ते आवळत जातं. त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. चौकटीवर ताणलेला त्या वेळचा हा एक तुकडा आणलाय, पुढे पाठवा. नखाने टिचकी मारून बघा. ताजं असतं तर ढोलकीसारखं वाजलं असतं.