नाकावरचे काटे

श्रोतेहो, नमस्कार.

नाकाच्या शेंड्यावर बारीक पुटकुळ्या आल्या की आपण म्हणतो, उष्णता झाली असेल. पण किडनी किंवा हृदय बदललेल्या, नाहीतर रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या माणसाने त्यांच्यावरून एकदा बोट फिरवून पाहावं. बोटाला किसणीसारखं खरखरीत लागतं का? तसं असेल तर ते मुरूम नसतीलही. प्रत्येक पुटकुळीतून एक बारीकसा पांढुरका काटा डोकावत असतो. आपली नखं आणि केस ज्या केराटिनचे, त्याच केराटिनचा. नाक, कपाळ, कान खरखरीत होतात, भुवया विरळ होतात, पापण्याही झडतात. मुरमांचं मलम चोळून काही होत नाही.

या आजाराचं नाव ट्रायकोडिस्प्लेशिया स्पिन्युलोसा. मलाही ते दोनदा म्हणून पाहावं लागलं. आजार फार दुर्मीळ, त्यामुळे पुष्कळ डॉक्टरांनीही तो प्रत्यक्ष पाहिलेला नसतो.

1995 साली असा रुग्ण नोंदवला गेला, तेव्हा आळ आला सायक्लोस्पोरिनवर. बसवलेला अवयव शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं हे औषध. 1999 मध्ये किडनी आणि स्वादुपिंड बदललेल्या एका रुग्णाच्या त्वचेत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली विषाणूचे कण दिसले. म्हणजे औषधाने फक्त दार उघडं ठेवलं होतं, आत शिरणारा वेगळाच होता. त्याची ओळख पटायला 2010 उजाडलं. नेदरलँड्समध्ये हृदय बदललेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावरचे काटे उपटून संशोधकांनी तपासले आणि त्यांत एक नवा पॉलिओमा विषाणू सापडला. पॉलिओमा म्हणजे पोलिओ नव्हे हं, नावापुरतंच साम्य!

गंमत अशी, की हा विषाणू मुळीच दुर्मीळ नाही. नेदरलँड्समधल्या तपासण्यांत सुमारे 70 टक्के निरोगी प्रौढांच्या रक्तात त्याच्या खुणा मिळाल्या. तो बहुधा लहानपणीच येऊन जातो, आपल्याला पत्ताही लागत नाही. प्रतिकारशक्ती दाबलेली असताना मात्र तो केसाच्या मुळाशी, केसाला आतून वेढणाऱ्या आवरणात बस्तान मांडतो. तिथल्या पेशी भराभर वाढतात आणि केसाच्या जागी काटा उगवतो.

प्रतिकारशक्ती थोडी मोकळी सोडली की काटे बहुधा ओसरतात. पण तिला जास्त मोकळं सोडलं तर ती बसवलेल्या किडनीवरच उठेल. म्हणून गोळ्यांची मात्रा किती कमी करायची, हे प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. चेहऱ्यावर काटे आले म्हणून घरच्या घरी गोळी बंद करणं हा जिवाशी खेळ. व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरच्या गोळ्या आणि सिडोफोव्हिरचं मलम यांनीही काही जणांना गुण येतो.

त्या डच मुलालाही सिडोफोव्हिरचंच मलम लावलं. चेहरा बराच निवळला.