पुण्यात बाहेरचे किती? आकड्याच्या आधीचे प्रश्न

मंडळी, पुण्यात बाहेरून आलेले लोक किती, याचं उत्तर पीएमपी बसच्या थांब्यापासून महापालिकेच्या मुख्य सभेपर्यंत सगळ्यांकडे तयार असतं. पाणी कमी पडलं की हा विषय निघतो, वाहतूक तुंबली की निघतो, निवडणूक आली की तर निघतोच. लोक यावेत की येऊ नयेत, यावर मी आज बोलणार नाही. तो वाद ज्या आकड्यांवर चालतो ते आकडे कसे तयार होतात आणि कुठे फसवतात, एवढंच सांगणार आहे. माझं म्हणणं साधं आहे. कोणाला धरलं आणि कोणत्या हद्दीत धरलं, हे सांगितल्याशिवाय टक्केवारी सांगणाऱ्याचं ऐकू नये.

सुरुवात व्याख्येपासून करू. २०११ च्या जनगणनेत प्रत्येकाला जन्मठिकाण, मागील वास्तव्याचं ठिकाण, तिथून निघण्याचं कारण आणि इथे राहायला येऊन किती काळ झाला, असे चार प्रश्न होते. मागचं वास्तव्य दुसऱ्या गावात किंवा शहरात असेल तर तुम्ही स्थलांतरित. राज्य ओलांडण्याची अट नाही. साताऱ्याहून लग्न होऊन सदाशिव पेठेत आलेली बाई स्थलांतरित. धनकवडीहून निगडीला घर घेतलेला माणूसही स्थलांतरित, कारण महापालिका बदलली. औंधहून हडपसरला गेलेला मात्र नाही, कारण दोन्ही एकाच महापालिकेत.

या व्याख्येने २०११ साली महाराष्ट्रात ५ कोटी ७४ लाख स्थलांतरित निघाले. राज्याची लोकसंख्या होती ११ कोटी २४ लाख. म्हणजे निम्म्याहून अधिक महाराष्ट्र स्थलांतरित! हा आकडा भाषणात टाकला की सभागृह गार पडतं. पण याच ५ कोटी ७४ लाखांत मागचं वास्तव्य उत्तर प्रदेशात असलेले २७ लाख ५५ हजार आणि बिहारमधले ५ लाख ६८ हजार होते. दोन्ही मिळून राज्याच्या लोकसंख्येच्या साधारण ३ टक्के. ज्यांच्यावरून सगळ्यात जास्त आवाज चढतो, ते आकड्यात इतके. आता हे प्रमाण राज्यभर सारखं पसरलेलं नाही, मुंबई-ठाणे-पुण्यात दाट आणि गडचिरोलीत विरळ, हे खरं. तरीही 'निम्मे' आणि '३ टक्के' यांतलं अंतर केवळ व्याख्येचं आहे.

बाकीचे कोण मग? बहुतांशी बायका. श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या २०२०-२१ च्या फेरीत देशातल्या पुरुषांपैकी १०.७ टक्के स्थलांतरित निघाले आणि स्त्रियांपैकी ४७.९ टक्के. या स्त्रियांमधल्या ८६.८ टक्क्यांनी कारण सांगितलं लग्न. एकूण प्रमाण २८.९ टक्के होतं. २००७-०८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ते २८.५ होतं. 'लोंढे वाढले, वाढले' असं आपण ऐकतो, त्या काळात देशातलं स्थलांतरितांचं प्रमाण जवळपास जागचं हललेलं नाही. हललं असेल ते दिशेचं गणित, आणि ते राष्ट्रीय टक्केवारीत दिसत नाही.

जन्मठिकाणावरून मोजावं तर तिथे वेगळाच घोळ. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. आई-वडील राहतात कोथरूडला, आईचं माहेर लातूरचं, बाळ तिथे जन्मलं आणि तीन महिन्यांनी पुण्यात आलं, की ते जन्मठिकाणानुसार आयुष्यभर स्थलांतरित. जनगणनेच्या कारणांच्या यादीत 'जन्मानंतर स्थलांतर' असा वेगळा रकाना आहे तो यासाठीच. उलट बाजूही पाहा. पुण्यात जन्मलेला मुलगा पाच वर्षं बंगळुरूत नोकरी करून परत आला, की मागच्या वास्तव्यानुसार तो कर्नाटकातून आलेला ठरतो. म्हणून जनगणनेचे स्थलांतराचे तक्ते वाचताना डी-१ आणि डी-२ शेजारी ठेवावेत. पहिला जन्मठिकाणाचा, दुसरा मागच्या वास्तव्याचा. डी-३ मध्ये कारण आणि कालावधी मिळतात. वर्षाच्या आत आलेले, १ ते ४ वर्षं, ५ ते ९, १० ते १९, २० वर्षांहून अधिक असे गट असतात. आत्ता किती लोक येत आहेत असा प्रश्न असेल, तर पहिले दोन गटच बघायचे. ४० वर्षांपूर्वी टेल्कोत लागलेला माणूस आजच्या गर्दीच्या हिशेबात धरण्यात अर्थ नाही.

आता हद्द. पुण्याच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक इथे होते, आणि ती शिकलेली माणसंही करतात. १९९७ साली महापालिकेत ३८ गावं आली, त्यांतली काही नंतर वगळली गेली. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. क्षेत्रफळ ५१६ चौरस किलोमीटरवर गेलं. नंतर फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद केली. पुढच्या जनगणनेत पुण्याची लोकसंख्या जाहीर होईल तेव्हा तिच्यातली मोठी वाढ अशा लोकांची असेल, जे जागचे हललेच नाहीत. शहर त्यांच्यापर्यंत गेलं. गंमत म्हणजे २०११ साली येरवड्याहून वाघोलीला गेलेला स्थलांतरित होता, आज तोच प्रवास करणारा स्थलांतरित नाही. तुलना करायची असेल तर आजच्या हद्दीतली सगळी गावं २०११ च्या ग्रामनिहाय यादीतून काढून जुन्या आकड्यात मिळवा, मगच वाढीची टक्केवारी काढा. काम कंटाळवाणं आहे, पण दोन तासांचं आहे.

२००१ ते २०११ या दशकात पुणे जिल्हा ७२ लाख ३३ हजारांवरून ९४ लाख २९ हजारांवर गेला. वाढ ३०.३७ टक्के, राज्याची १५.९९. यातली पुणे महापालिकेची वाढ साधारण ५ लाख ८६ हजार, पिंपरी-चिंचवडची सुमारे ७ लाख. दोन्हींची बेरीज १३ लाखांच्या आसपास येते आणि जिल्ह्याची वाढ आहे २२ लाख. उरलेले ९ लाख दोन्ही महापालिकांच्या बाहेर वाढले. शहराच्या कडेची गावं, चाकण, हिंजवडी, वाघोली, मांजरी हा पट्टा त्यात येतो. कारखाना आणि आयटी पार्क एका यंत्रणेचे, राहणारी माणसं ग्रामपंचायतीची, पाणी टँकरचं. लोकसंख्येवरची आपली चर्चा पेठांमध्ये बसून चालते, पण वाढीचा सर्वांत मोठा वाटा पेठांच्या दृष्टीबाहेर होता.

या वाढीत जन्माने किती आणि येण्याने किती? हे काढण्याची जुनी रीत वजाबाकीची. दहा वर्षांतल्या एकूण वाढीतून जन्म वजा मृत्यू काढून टाका, उरेल ते निव्वळ स्थलांतर. त्या दशकात राज्याची नैसर्गिक वाढ सुरुवातीला हजारी १३ आणि शेवटी १० च्या आसपास होती. तो दर जिल्ह्याला लावला तर ७२ लाखांवर दशकात ९ लाखांच्या जवळपास वाढ जन्मांमुळे येते आणि १३ लाखांच्या आसपास बाकी उरते. कागदावर बरोबर दिसतं. पण येणारे बहुतेक विशी-तिशीतले, त्यामुळे इथे जन्मदर राज्याहून जास्त आणि मृत्यूदर कमी असणार. म्हणजे ही १३ लाखांची बाकी फुगलेली आहे. शिवाय उत्तर भारतातून आलेल्या जोडप्याचं पुण्यात झालेलं मूल नैसर्गिक वाढीत जातं. ते 'बाहेरचं' की 'इथलं', हे गणित सांगत नाही.

वजाबाकीसाठी जन्मनोंदणीचा आकडा घ्यायचा झाला तर आणखी सावध राहा. कायद्याने जन्म जिथे झाला तिथे नोंदवायचा असतो, आईचं घर कुठे आहे तिथे नव्हे. ससूनमध्ये आणि इथल्या खासगी रुग्णालयांत आजूबाजूच्या जिल्ह्यांतल्या बायका बाळंत होतात. हे जन्म पुण्याच्या खात्यावर पडतात. नोंदणीच्या अर्जातल्या सांख्यिकी भागात आईच्या राहत्या गावाचा रकाना असतो. तो लावून छाननी केल्याशिवाय शहराचा जन्मदर सांगू नये.

जन्मांबद्दल एक गोष्ट पटकन सांगून पुढे जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, १.७ होता. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतो. बिहारचा ३.०, उत्तर प्रदेशचा २.४. महाराष्ट्राची वाढ 'फार मुलं होतात' म्हणून होत आहे, हे म्हणणं आता जुनं झालं. पाळण्यांची संख्या कमी होत असताना गर्दी वाढते आहे, ती तरुण वयोगटाच्या आकारमानामुळे आणि येण्यामुळे.

मग येणाऱ्यांची पातळी ठरवता येईल का? देशांना येते, काही प्रमाणात. कॅनडा दरवर्षी कायम वास्तव्याचं उद्दिष्ट जाहीर करतो. २०२३ मध्ये तिथली लोकसंख्या ३.२ टक्क्यांनी वाढली आणि त्यातली ९७.६ टक्के वाढ बाहेरून आलेल्यांची होती. अडचण अशी की उद्दिष्ट कायम रहिवाशांचं होतं आणि विद्यार्थी, तात्पुरते कामगार त्या आकड्याच्या बाहेर वाढत होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने २०२५ चं उद्दिष्ट ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं आणि तात्पुरत्या रहिवाशांचं प्रमाण लोकसंख्येच्या ५ टक्क्यांपर्यंत खाली आणायचं ठरवलं. मुलं तिकडे असलेल्या पुण्यातल्या किती घरांत तेव्हा चिंता पसरली असेल, ते तुम्हीच बघा.

ब्रिटनचं उदाहरण मोजणीसाठी अधिक बोलकं आहे. १२ महिने किंवा अधिक राहायला आलेले वजा तितक्याच काळासाठी गेलेले, हे तिथलं निव्वळ स्थलांतर. जून २०२३ पर्यंतच्या वर्षाचा आकडा आधी ७ लाख ४० हजार सांगितला होता, नोव्हेंबर २०२४ मध्ये तो ९ लाख ६ हजार केला. बेट आहे, विमानतळ आहेत, व्हिसाच्या नोंदी आहेत, तरी दीड लाखाहून अधिक माणसं नंतर सापडली. आणि एक वर्षाच्या मास्टर्ससाठी गेलेली आपली मुलं येताना त्या आकड्यात असतात, परतताना वजा होतात. तिथल्या वृत्तपत्रांत जो 'विक्रमी लोंढा' छापून येतो, त्यात कर्वेनगरची पोरं आहेत.

भारतात राज्याच्या सीमेवर नोंद नाही आणि तशी अडवणूक करता येणार नाही. संविधानाच्या कलम १९ ने देशात कुठेही जाण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. हरियाणाने ३० हजारांपर्यंत पगाराच्या खासगी नोकऱ्यांत ७५ टक्के स्थानिक असा कायदा केला, तो पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. तेव्हा पुण्याच्या बाबतीत पातळी ठरवणं हा शब्दांचा खेळ आहे. आपल्या हातात आहे ते मोजणं आणि त्याप्रमाणे तयारी करणं.

मोजणं चुकलं तर काय होतं, ते पाण्यावरून समजून घ्या. शहरासाठी दरडोई रोज १३५ लिटर हा मापदंड धरू. १० लाख माणसं जास्त किंवा कमी धरली, तर वर्षाला ४,९२७ कोटी लिटरचा फरक पडतो. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. म्हणजे फरक १.७४ टीएमसी. खडकवासला धरणाचा उपयुक्त साठा आहे १.९७ टीएमसी. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतल्या चारही धरणांचा मिळून २९.१५, आणि त्यातून दौंड-इंदापूरची शेतीही भिजते. पाणीकोट्याच्या प्रत्येक बैठकीत लोकसंख्येचा आकडाच वादाचा मुद्दा होतो, तो उगीच नाही. गळती तर या हिशेबात धरलेलीच नाही.

जनगणना नसताना लोक पर्यायी आकडे आणतात. आधारचा पत्ता गावचाच राहतो, बदलायला कोणी जात नाही. मतदारयादीतही तेच, मत गावाला. मिळकतकराच्या सदनिका गुणिले कुटुंबाचा आकार केला, तर कुलूपबंद फ्लॅट माणसांनी भरून जातात आणि एका फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आठ मुली चार होतात. त्यातल्या त्यात बरी पद्धत म्हणजे महावितरणच्या घरगुती मीटरपैकी खरोखर वापर असलेले मीटर मोजणं आणि प्रभागनिहाय नमुना पाहणी करून प्रतिमीटर माणसं ठरवणं. बांधकामावरच्या मजूर वसाहती यातूनही सुटतात, कारण तिथे एकाच व्यावसायिक जोडणीवर दोनशे माणसं राहतात. त्या बांधकाम परवान्यांच्या यादीवरून स्वतंत्र जाऊन मोजाव्या लागतात.

२०११ ची जनगणनाही निर्दोष नव्हती. नंतरच्या तपासणी पाहणीत हजारी २३ माणसं सुटल्याचं दिसलं, शहरांत जास्त. त्यात ती होते फेब्रुवारीत. ऊसतोडणी चालू, बांधकामं जोरात, होळीला गावी जाणारे अजून इथेच. फेब्रुवारीचं पुणे आणि मेअखेरचं पुणे एकसारखं भरलेलं नसतं.

आगामी मोजणीची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे. सोसायट्यांच्या चिटणीसांना माझं एक सांगणं आहे. प्रगणक दारात आला की भाडेकरूंची, पीजींची आणि रखवालदाराच्या खोलीची यादी त्याच्या हातात द्या. मालकाला भाडं लपवायचं असतं म्हणून सदनिका बंद सांगू नका, ती माहिती करखात्याकडे जात नाही, जनगणना कायद्याने ती गोपनीय आहे. आणि मागचं वास्तव्य विचारलं तर 'यूपी' किंवा 'मराठवाडा' एवढ्यावर थांबू नका. गाव, जिल्हा, राज्य तिन्ही सांगा, आणि इथे येऊन किती वर्षं झाली तेही. जिल्हा आणि कालावधी लिहिला नाही, तर तो माणूस 'माहिती नाही'च्या रकान्यात जातो.