छापील ओळीतली नवरी

मंडळी, इंग्लंडातला १८१० च्या सुमाराचा ‘लीड्स मर्क्युरी’ किंवा ‘बाथ क्रॉनिकल’ हा पेपर पाहा. चार पानांचं साप्ताहिक, बारीक टाइप, दाटीवाटीचे रकाने. प्रत्येक प्रतीवर साडेतीन पेन्स सरकारी मुद्रांक कर, १८१५ मध्ये तो चार पेन्स झाला. म्हणजे पेपर महाग आणि जागा मोलाची. नेपोलियनशी चाललेलं युद्ध, धान्याचे भाव, लिलाव, आणि त्यात कुठेतरी लग्नांच्या ओळी: ‘गेल्या मंगळवारी, सेंट मेरी चर्चमध्ये, या शहरातील किराणा व्यापारी मिस्टर अमुक यांचा विवाह कै. तमुक यांच्या कन्येशी झाला.’

‘गेल्या मंगळवारी’ म्हणजे कधी, हे अंकाच्या तारखेवरून मोजायचं. पण संपादक एकमेकांचे पेपर कापून बातम्या उचलत. दुसऱ्या गावच्या अंकात आठवड्यानंतर तीच ओळ तशीच छापली गेली, की लग्न आठवडाभर पुढे सरकतं. तारीख कळली नसेल तर नुसतं ‘नुकताच’. मुंबईत झालेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याच्या लग्नाची खबर तर आफ्रिकेला वळसा घालून जायची. ती छापून येईपर्यंत बहुधा चार-सहा महिने उलटलेले असत.

तरीही ही ओळ मला फार मोलाची वाटते. १७५४ पासून लागू झालेल्या विवाह कायद्यानं चर्चच्या रजिस्टरात वधूवरांची नावं, पॅरिश (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग), सह्या आणि साक्षीदार आले. वडिलांचं नाव मात्र नव्हतं. त्यासाठी रकाना मिळाला तो १ जुलै १८३७ पासून. त्याआधीच्या लग्नात मुलगी कोणाची, वडील हयात होते का, त्यांचा धंदा काय, हे सांगणारी कधीकधी एवढी एकच छापील ओळ हाती लागते.

आता याच ओळीत नवरीकडे बघा. घरातली थोरली अविवाहित मुलगी असेल, तर रिवाजाप्रमाणे ती नुसती ‘मिस’ आणि आडनाव. धाकटीचं स्वतःचं नाव छापतात, थोरलीचं बऱ्याचदा नाही! रजिस्टरात तिचं नाव आहे, खाली तिच्या हातची सही आहे, किंवा लिहिता येत नसेल तर फुली. म्हणून पेपरातली ओळ मिळाली की मी लगेच रजिस्टर मागवते.

आणि शेतमजूर, विणकर, मोलकरणी? रजिस्टरात त्यांनाही जमीनदाराइतकीच जागा. पेपरात मात्र त्यांचं लग्न यायचं ते बहुतेक गंमत म्हणून: नवरा विशीतला, नवरी सत्तरीची, किंवा दोघांच्या वयाची बेरीज दीडशे. असं काही वाचलं की मला त्या माणसांसाठी वाईट वाटतं. त्यांच्या शेजाऱ्यांची शेकडो साधी लग्नं त्याच चर्चमध्ये, तीन रविवार जाहीर पुकारा होऊन लागली. पेपरात त्यांच्यावर एक ओळही आली नाही. ती लग्नं शोधायची तर पॅरिशच्या वह्याच चाळाव्या लागतात.